ढोल बांधण्याआधी

सांगली

चि. होऊ घातलेल्या वादकास,
अनेक आशीर्वाद.

डोकं शांत व्हावं म्हणून ढोल-ताशा पथकात जायचंय, असं तू लिहिलंस. घरचे हसले असतील, पण कारण अगदीच वेडगळ नाही. लंडनमध्ये मानसिक आजारांवर उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, दीड तास, एकत्र ढोलवादनाला बसवलं. 10 आठवड्यांनी त्यांचं नैराश्य आणि चिंता दोन्ही उतरली. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. वाजवणारे जेमतेम तीसेक होते, तेव्हा औषधगोळ्या बंद करायला निघू नकोस.

फायदा मोठ्या आवाजात नाही, दुसऱ्याच्या ठोक्यात आपला ठोका मिसळण्यात आहे. म्हणून सुरुवातीला सेकंदाला एकच ठोका. नवख्यांची लय हमखास पळते, कारण प्रत्येक जण आपलाच ढोल ऐकत असतो. तसं झालं की हात थांबव, ताशा ऐक, मग पुन्हा शिर.

टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मुठीत आवळलंस की दुसऱ्याच दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात फोड. सैल धर, मनगटातून मार, पानावरून, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या चामड्यावरून, ते आपोआप उसळू दे. ढोल पोटाला टेकवून घट्ट बांध. तो खाली लोंबला की तोल सांभाळायला माणूस मागे कलतो आणि कंबर धरते. गुडघे जरा सैल ठेव.

आपल्याकडे सराव ऐन पावसात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की घाटावरचा सराव विसरायचा, ते वेगळंच. पण दमट हवेनं चामड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो, मग पोरं दुप्पट जोर लावतात आणि खांदा दुखवून घेतात. आधी दोऱ्या ओढून पान ताण.

आता कान. इथे मात्र हट्टीपणा नको. 85 डेसिबलला 8 तास चालतं, पण दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. ताशासमोर उभा राहिलास तर ती पहिल्याच आवर्तनांत संपतील. कापूस फारसा कामाचा नाही. फोमचे बोळे घे: बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर ओढ, बोळा आत सरकव, फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धर. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर पुढच्या वेळी जागा बदल.

बोळे औषधाच्या दुकानात मिळतील. टिपरू पथकच देईल.