आधी उत्तर, मग वेलांटी

वाचकांचे प्रश्न : व्यावसायिकांचे ऑनलाइन गट आणि भाषेच्या चुका

प्रश्न : आमचा लेखापालांचा ऑनलाइन गट आहे. नव्यानं आलेल्या एकानं घसाऱ्याबद्दल (वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत होणाऱ्या घटीबद्दल) शंका विचारली. लिहिण्यात चार-पाच चुका होत्या. सगळी चर्चा त्या चुकांवरच झाली, शंका तशीच राहिली आणि तो माणूस पुन्हा काही बोललाच नाही. पण मग चुका दाखवायच्याच नाहीत का?

उत्तर : दाखवायच्या, पण कोणत्या ते आधी ठरवा. ज्या चुकीमुळे अर्थ उलटेल, पैसा जाईल किंवा कुणाला इजा होईल, ती ताबडतोब आणि सगळ्यांसमोर सांगावी. खासगीत सांगून भागत नाही, कारण तोवर चार जणांनी ती वाचलेली असते. वाक्यातला ‘नाही’ गळणं, रकमेतलं दशांशचिन्ह सरकणं, मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडणं, ०३/०४ अशी तारीख (तीन एप्रिल की चार मार्च?) या त्या चुका. औषधाची मात्रा ‘१.० मिलिग्रॅम’ अशी लिहू नये, हा नियम त्याचसाठी आहे. टिंब पुसट असलं की ते १० वाचलं जातं. उलट ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहायचं, कारण तिथंही टिंब हरवलं की ५ उरतात.

करारमदारांत स्वल्पविरामही या यादीत येतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात एका यादीत शेवटचा स्वल्पविराम नव्हता. त्यावरून ओकहर्स्ट डेअरीच्या चालकांनी दावा लावला. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं तो मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली. असा स्वल्पविराम दिसला तर जरूर ओरडा.

बाकीच्या चुका, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, निसटलेला अनुस्वार, अर्थ लागत असेल तर सोडून द्याव्यात. लिहिणारा फोनवर बोलून टंकत असेल, ती त्याची तिसरी भाषा असेल, त्याला डिस्लेक्सिया असेल. घसारा त्याला कळतो की नाही, हे वेलांटीवरून ठरत नाही.

(संगणकवाल्यांसाठी जाता जाता : एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या) मानकात ‘रेफरर’ या शीर्षकाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळलेला आहे. १९९६ च्या दस्तऐवजातही ते तसंच छापलं गेलं आणि आजही तसंच चालतं. कुणी आपल्या कोडमध्ये ते ‘शुद्ध’ केलं, तर समोरच्या सर्व्हरला ते ओळखताच येणार नाही.)

प्रश्न : एखाद्याची चूक त्याच्याच भल्यासाठी सांगायची असेल, तर नेमकं कसं लिहावं? मी नीट सांगितलं तरी लोक दुखावतात.

उत्तर : बहुधा तुमचा क्रम चुकतोय. आधी त्यानं विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्या. उत्तर येत नसेल, तर भाषेबद्दलही बोलू नका. गटात सर्वांत खटकतो तो विषयाचं काही न सांगता फक्त मात्रा-वेलांटी मोजणारा. मग खासगी संदेश पाठवा, आणि त्यात एकच चूक घ्या. चुकीची जागा, योग्य रूप, संपलं. उदाहरणार्थ : ‘दुसऱ्या ओळीत “निव्वळ”ऐवजी “निवळ” पडलंय बहुतेक. अजून दुरुस्त करता येईल.’ विशेषणं नकोत, हसणारी चिन्हं नकोत, ‘सहज सांगतो’ ही सुरुवात तर नकोच. ती वाचली की माणूस सावध होतो.

वेळही पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, टेलिग्रामवर ४८ तासांपर्यंत. त्या मुदतीत सांगितलंत तर समोरच्याला निमूटपणे दुरुस्ती करता येते. मुदत टळल्यावर खासगीत कळवलेली किरकोळ चूक त्याच्या काहीच उपयोगाची नसते. अर्थ बदलणारी चूक असेल, तर मूळ संदेश पुसायला सांगू नका. खाली आलेली उत्तरं लोंबकळत राहतात आणि नंतर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याच संदेशाला उत्तर म्हणून ‘दुरुस्ती : …’ अशी एक ओळ टाकायला सांगा.

प्रश्न : आमच्या गटात एक ज्येष्ठ सदस्य ‘कवी’, ‘गुरू’ अशी रूपं दिसली की ‘कवि’, ‘गुरु’ करायला लावतात. नव्या लोकांना काही बोलता येत नाही.

उत्तर : इथं ज्येष्ठच चुकताहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार (१९६२ मध्ये १४ नियम, १९७२ मध्ये आणखी ४) शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांचाही. समासात तो पहिल्या पदात आला की मूळ ऱ्हस्व राहतो : भक्ती, पण भक्तिमार्ग, कवी, पण कविवर्य. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘तथापि’सारखी काही अव्ययं अपवाद आहेत. ज्येष्ठांनी जुनी वळणं गिरवली, त्यात त्यांचा दोष नाही. पण दुसऱ्याला टोकण्याआधी नियम उघडून पाहायला हवा. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकानं १९९२ मध्ये याला गमतीनं ‘मफ्रीचा नियम’ (‘मर्फीचा नियम’ मुद्दाम चुकवून) असं नाव दिलं : दुसऱ्याच्या मुद्रितशोधनावर टीका कराल, त्या मजकुरात तुमचीही एक चूक निघेल.

प्रश्न : काहींना परक्याच्या चुकांचा इतका राग का येतो?

उत्तर : मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी ८३ जणांना घरासाठी सोबती शोधणारे ईमेल वाचायला दिले होते (२०१६). कमी मनमिळाऊ माणसांना व्याकरणाच्या चुका जास्त खटकल्या. हा एकच छोटा अभ्यास आहे, त्यावरून शेजाऱ्याचा स्वभाव ठरवू नये.

प्रश्न : मी गटाची ॲडमिन आहे. नियम कसा लिहू? ‘सभ्यपणे वागा’ लिहून पाहिलं, काही फरक पडला नाही.

उत्तर : त्या वाक्यात करायचं काय ते कुठंच नाही. असं लिहा : ‘भाषेवरची सूचना खासगीत द्यावी. अर्थ, आकडा, तारीख किंवा औषधाची मात्रा बदलत असेल तरच गटात, तेही एका ओळीत. संदेशावर “भाषाही तपासा” असं लिहिलेलं असेल तर मोकळेपणानं.’ शेवटचं वाक्य अनुवादक आणि संपादकांच्या गटात फार कामाचं. तिथं जाहिरातीचा मसुदा तपासून घ्यायलाच लोक येतात, आणि हळुवारपणाच्या नावाखाली गप्प बसलात तर चूक छापून येते. म्हणजे मसुदा आणि गप्पा यांच्यात फरक करा. मसुद्याला सगळी शिस्त लावा, गप्पांना नको.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर नव्या सदस्यानं सुचवलेल्या बदलात निदान ६ अक्षरं बदललेली असावी लागतात. एखाद्या टिंबासाठी तपासणाऱ्यांचा वेळ जाऊ नये म्हणून तो अडसर आहे. तुम्हीही ठरवा की अर्थ बदलत नसेल तर केवळ एका अक्षरासाठी गटात संदेश येणार नाही.

नियम मोडला तर ती टिप्पणी काढा आणि त्या सदस्याला खासगीत नियमाची ओळ पाठवा. ॲडमिनच बऱ्याचदा इथं घसरतात. टोकणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं, की तुम्हीही तेच केलंत जे थांबवायचं होतं.

प्रश्न : मलाच सगळ्यांसमोर टोकलं गेलं तर?

उत्तर : ‘धन्यवाद, बदललं. मूळ प्रश्नाबद्दल कुणी सांगेल का?’ एवढंच लिहा. खुलासे देत बसलात तर चर्चा वेलांटीवरच राहते.