जुन्या महिंद्रा हाय बॉनेट जीपचे पार्ट बेळगाव भागात कुठे मिळतील आणि लिफ्ट किती इंच करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खानापूर तालुक्यात काकांची १९७० च्या आसपासची महिंद्रा सीजे३बी, म्हणजे आपली हाय बॉनेट, फोर व्हील, शेडमध्ये पडून आहे. ती रस्त्यावर आणायची, ३१ इंची टायर घालायचे, त्यासाठी चार इंच लिफ्ट (चाकांपासून गाडीचा सांगाडा वर उचलणं) हवी आणि सामान कुठून आणायचं ते कळत नाही.

चार इंच नको. दोन इंच पुरे झाले, आणि तेही गाडी आधी मूळ उंचीला आणून मग.

इतकी वर्षं उभ्या असलेल्या जीपचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेले असतात. सपाट फरशीवर उभी करून हाउसिंगपासून (चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या नळीपासून) चासीपर्यंतचं माप चारही चाकांजवळ घ्या. डाव्या-उजव्यात फरक असेल किंवा पाट्याला उलटा बाक आला असेल, तर तुम्हाला जी 'लिफ्ट' हवीय त्यातली बरीच नुसते पाटे नीट केले की मिळेल. लगे हात शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) आणि पिना बघा. बुश खाल्लेले असले तर पहारीने पाट्याचा डोळा हलवला की खटखट वाजतो. स्टीअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्ट केलाय तिथे आणि पुढच्या हँगरजवळ ग्रीस पुसून बारीक चीर आहे का तेही पाहा. चासीला चीर असलेली गाडी उचलायच्या भानगडीत कुणी पडू नये.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: लिफ्टने डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) एक सूतही वर जात नाही. ते टायरनेच वर जातं. मूळ ६.००-१६ चा टायर साधारण २९ इंच उंच. ३१ इंची घातलात तर डिफरन्शियल एक इंच वर जाईल, बस. लिफ्टमुळे टायरला मडगार्डखाली जागा होते आणि पुढचा-मागचा भाग चढावर घासत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी चिखलात ही जीप अडकते ती बहुधा डिफरन्शियल टेकल्यामुळे किंवा गुळगुळीत टायरमुळे. माझं मत विचाराल तर २३५/७५ आर १५ चा चांगल्या नक्षीचा टायर घ्या (त्यासाठी १५ च्या रिमा लागतील). उंची जवळपास मूळ टायरएवढीच, लिफ्टची गरज नाही, आणि नऊ इंची ड्रम ब्रेकवर जादा भार नाही. ३१ चाच हट्ट असेल तर दोन इंच लिफ्ट.

चार इंचाचा स्वस्त मार्ग गॅरेजवाले लगेच सुचवतात: मुळात हाउसिंगच्या खाली असलेले पाटे वर घ्यायचे, त्यांच्या बैठकीचे पॅड वेल्ड करायचे, झालं. वेल्डिंगचं काम दोन दिवसांचं, पुढचा ताप कायमचा. या गाडीचा व्हीलबेस ८० इंच, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या डिफरन्शियलला फिरवणारा दांडा) आखूड. एवढं उचललं की त्याचा कोन इतका वाढतो की क्रॉस (शाफ्टचे सांधे) टिकत नाहीत, म्हणून पिनियनचा (डिफरन्शियलच्या तोंडाचा) कोन बदलून पॅड लावावे लागतात. ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) तिरकी झाल्याने खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग आपोआप ओढतं. ब्रेकचे होज ताणतात, शॉकअप आखूड पडतात. आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर जेमतेम ४८ इंच. चोर्ला घाटाच्या वळणावर अशी उंच, अरुंद गाडी चालवून बघायची हौस मला नाही.

लांब शॅकल हा दुसरा शॉर्टकट. शॅकल दोन इंच वाढवलात तर गाडी एकच इंच उचलते, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा कल) बिघडून स्टीअरिंग भरकटायला लागतं. तेव्हा नवे पाटेच करून घ्या, ईएन-४५ सारख्या स्प्रिंग स्टीलचे, टेम्पर केलेले. जुन्या पाट्यांना नुसता हातोड्याने बाक दिला तर तो पुन्हा बसतो. पाटेवाल्याला डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी, सेंटर बोल्टची जागा आणि गाडीत माणसं किती बसणार हे सांगा. जादा पाटा घालून उंची काढू नका, ही हलकी जीप आहे. वडापच्या (माणसं भरून नेणाऱ्या) गाडीसारखे कडक पाटे झाले तर मागची सीट माणूस उडवते.

सामानाचं म्हणाल तर सीजेचं बरंच काही अजून मिळतं, कारण हा साचा देशात दशकानुदशकं चालला. बुश, पिना, क्रॉस, बेअरिंग, व्हील सिलिंडर यांसाठी आधी बेळगावातली जुनी पार्टची दुकानं, मग कोल्हापूर. जुना तुकडा हातात घेऊन जा. फोटोवरून आणलेला पार्ट निम्म्या वेळा परत करावा लागतो. जे मिळत नाही ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळतं. पिना, स्पेसर, बुश हे तर तिथलं रोजचं काम. गिअर आणि क्राउन-पिनियन मात्र ओरिजिनलच शोधा, त्यासाठी दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या पार्टच्या बाजारापर्यंत चौकशी करावी लागेल. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या तयार जीपा स्वस्त दिसतात, पण घेण्याआधी चासी नंबर खरवडून वाचा. आणि जुन्या विलीज घराण्यातल्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, पान्ह्यावर उभं राहून उड्या मारण्याआधी ते बघा.

कागदाचं आपल्या सीमाभागात वेगळंच त्रांगडं असतं. गाडी एमएच-०९ ची (कोल्हापूरची) असेल आणि बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात राहणार असेल तर एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्स भरावा लागतो. इंजिन बदलून डिझेल बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आहे का ते आधी बघा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' नंबरची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोज वापरता येत नाही. तो नंबर डोक्यात असेल तर लिफ्ट विसरा.

पाटे बसवताना शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पुरते आवळू देऊ नका. चाकं जमिनीला टेकून वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळून लवकर फाटतात. यू-बोल्ट नवे घ्या आणि चार-पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळून घ्या.