वाचकांचे प्रश्न : सीमा बंद करून नक्की मिळालं काय?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की कोविडच्या साथीच्या काळातले प्रवासाचे निर्बंध आणि लॉकडाऊन याबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा, आणि पत्रांचा ढीगच लागला. सगळी घेणं शक्य नाही, त्यामुळे जे परत परत विचारलं गेलंय तेच घेतलंय. बऱ्याच पत्रांत अजून राग आहे, रडू आहे, ते मी काढून टाकलं नाही, फक्त लांब पत्रं थोडी आटोपती केलीत. त्या काळात मी विमानतळावरच्या आरोग्य तपासणीच्या टेबलावर डॉक्टर म्हणून ड्यूटी केली, त्यामुळे काही उत्तरं पुस्तकातली आहेत आणि काही डोळ्यांनी बघितलेली.

प्रश्न : ताई, व्हायरस तर आधीच आत शिरला होता ना, मग विमानं बंद करून काय मिळालं? उगाच लोकांचे हाल केले असं मला अजूनही वाटतं.

मिळाला तो वेळ, बाकी काही नाही. २३ जानेवारी २०२० ला वुहान बंद केलं, त्यावर नंतर जो अभ्यास झाला त्यात असं दिसलं की चीनच्या आत साथ जेमतेम ३ ते ५ दिवस लांबली, पण चीनबाहेर जाणाऱ्या केसेस मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे एका घराला आग लागलेलीच होती पण शेजारच्यांना पाणी भरून ठेवायला थोडे दिवस मिळाले. आता ते दिवस कोणी कसे वापरले हा खरा प्रश्न आहे. न्यूझीलंडने १९ मार्चला सीमा बंद केली, आठवड्याभरात कडक लॉकडाऊन लावला आणि त्या काळात टेस्टिंग आणि कॉन्टॅक्ट ट्रेसिंग उभं केलं, ८ जूनला त्यांच्याकडे एकही अ‍ॅक्टिव्ह केस उरली नव्हती. अमेरिकेने चीनहून येणाऱ्यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच रोखलं पण पूर्ण फेब्रुवारी टेस्ट किटच्या गोंधळात गेला, आणि न्यूयॉर्कला व्हायरस आला तो मुख्यतः युरोपातून. एक दार लावलं, दुसरं सताड उघडं.

आणि दार लवकर आणि नीट लावलं तर काय होतं याचं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण १९१८ चं आहे, इन्फ्लुएंझाच्या साथीचं. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचे दोन भाग होते, एक अमेरिकेच्या ताब्यात, दुसरा न्यूझीलंडच्या. अमेरिकन सामोआचा गव्हर्नर जॉन पॉयर याने बोटींवर कडक क्वारंटाइन लावलं आणि तिथे इन्फ्लुएंझाने एकही माणूस गेला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत ७ नोव्हेंबरला टालून नावाची बोट आली, तिच्यावर आजारी माणसं होती तरी ती धक्क्याला लागू दिली आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. मध्ये फक्त थोडासा समुद्र. त्यामुळे "बंद करून काही होत नाही" हे मी कधीच म्हणणार नाही. पण बेट असणं, वेळेत करणं आणि सगळीच दारं लावणं हे तिन्ही जुळून यावं लागतं, आणि तसं फार कमी वेळा जुळतं.

प्रश्न : लॉकडाऊन लागणार हे आधी सांगितलं की लोक पळतात, म्हणून अचानकच लावावा लागतो असं म्हणतात. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. पण अचानक लावल्यावर पण लोक पळतातच, फक्त मग ते सगळे एकाच वेळी पळतात. ११ मार्च २०२० ला अमेरिकेने युरोपातल्या प्रवाशांवर बंदी जाहीर केली, पहिल्या भाषणात स्वतःच्या नागरिकांचं काय हे स्पष्टच झालं नाही, मग युरोपात असलेले अमेरिकन मिळेल त्या विमानाने निघाले, आणि १४ मार्चला शिकागोच्या विमानतळावर तपासणीसाठी तासन् तास रांग, माणसाला माणूस चिकटून. जी गर्दी टाळायची होती तीच गर्दी विमानतळावर तयार केली.

भारतात २४ मार्चला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद. मधे ४ तास. ज्याच्याकडे घर आणि पगार आहे त्याला ४ तास पुरले, ज्याचं हातावर पोट आहे तो गावाकडे चालत निघाला.

मेलबर्नचं उदाहरण तर मला प्रत्येक अधिकाऱ्याला वाचायला द्यावंसं वाटतं. ४ जुलै २०२० ला तिथल्या सरकारी घरांचे ९ टॉवर क्षणात बंद केले, सुमारे ३००० लोक आत, खाली पोलीस उभे, कोणाला औषध आणायला पण वेळ दिला नाही. नंतर तिथल्या लोकपालांनी चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की टॉवर बंद करावेत हा आरोग्य विभागाचा सल्ला होता, पण त्याच क्षणी, काही न सांगता, हा सल्ला नव्हता, आणि तसं केल्याने लोकांचे मानवी हक्क मोडले गेले. एका रात्रीचा वेळ दिला असता तर? मी ड्यूटीवर जे बघितलंय त्यावरून सांगते, माणसाला काय होणार आहे आणि किती दिवस हे कळलं की तो बराचसा ऐकतो. कळलं नाही की घाबरतो, आणि घाबरलेला माणूस लपवायला लागतो.

प्रश्न : क्वारंटाइन आणि आयसोलेशन एकच ना? आणि १४ दिवसच का?

एक नाही. आजार झालाय हे कळलेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन, आणि संपर्कात आलाय पण झालाय की नाही माहीत नाही अशाला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सुरुवातीच्या कोविडमध्ये साधारण ५ दिवस लागत आणि ज्यांना लक्षणं येणार त्यातल्या जवळपास सगळ्यांना १२ दिवसांच्या आत येत, म्हणून १४. शब्द आला तो इटालियन भाषेतल्या ४० दिवसांवरून, पण १३७७ मध्ये रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, बोटी थांबवायला सुरुवात केली तेव्हा दिवस ३० होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वेगळं ठेवणं म्हणजे एकमेकांपासूनही वेगळं. डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला अडवली, बोटीवर ३७११ माणसं होती, प्रवासी केबिनमध्ये बंद पण कर्मचारी एकत्र राहत, एकत्र जेवत आणि सगळ्यांना जेवण पोचवत होते. ७०० च्या वर लोकांना लागण झाली. त्याला क्वारंटाइन म्हणायचं का, मला नाही वाटत.

प्रश्न : माझ्या भावाकडे निगेटिव्ह रिपोर्ट होता तरी त्याला विमानात चढू दिलं नाही. "७२ तास संपले" म्हणाले. रिपोर्ट तर आदल्या दिवशीचा होता!

हे मी इतक्या वेळा बघितलंय की काय सांगू. बहुतेक ठिकाणी ७२ तास मोजले जायचे ते नमुना घेतल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले होते, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात सगळे कागद एकावर एक नीट लावलेले, रिपोर्टवर कालची तारीख मोठ्या अक्षरात आणि खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात नमुना घेतल्याची वेळ. हिशोब केला तर विमानाच्या वेळेला ७२ तास होऊन ४० मिनिटं झालेली. ते मला म्हणत होते की मॅडम तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सही करा ना, आणि माझ्या सहीला तिथे काडीची किंमत नव्हती. त्यांनी ते फोल्डर परत बॅगेत घातलं तेव्हा हात थरथरत होते.

त्या ४० मिनिटांनी वैद्यकीयदृष्ट्या काहीही फरक पडत नव्हता हे मला माहीत होतं. नमुना दिल्यावर त्याच संध्याकाळी लागण झाली तर ती त्या कागदावर दिसणारच नाही, मग ७१ तास असोत की ७३. असा नियम कुठेतरी रेघ मारण्यासाठी असतो, आणि रेघ मारायला हवी हे मान्य, पण टेबलावरच्या माणसाला थोडा अधिकार पण द्यायला हवा.

उलटी अडचण पण होती. बरा झालेला माणूस, पण पीसीआरमध्ये व्हायरसचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे सापडत राहतात, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह. युरोपियन युनियनने जुलै २०२१ पासून जे डिजिटल सर्टिफिकेट सुरू केलं त्यात यावर तोडगा होता, पॉझिटिव्ह टेस्टनंतर ११ व्या दिवसापासून १८० व्या दिवसापर्यंत "बरा झालेला" म्हणून प्रवास करता यायचा. हे शहाणपणाचं होतं, बाकीच्यांनी पण लवकर करायला हवं होतं.

प्रश्न : एखादा देश स्वतःच्याच नागरिकाला घरी यायला बंदी करू शकतो का?

नागरी आणि राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याच्या १२ व्या कलमात लिहिलंय की कोणालाही स्वतःच्या देशात येण्याचा हक्क मनमानीपणे नाकारता येणार नाही. सगळा वाद त्या "मनमानीपणे" या शब्दावर. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतात राहून आलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही यायला मनाई केली, मोडलं तर ५ वर्षांपर्यंत तुरुंग, ती बंदी १५ मे ला उठली. न्यूझीलंडने बंदी नाही केली पण परत यायचं तर सरकारी क्वारंटाइनमध्ये खोली मिळायला हवी आणि खोल्या कमी, मग २०२१ मध्ये ऑनलाइन रांग, तीही नशिबावर नंबर लागणारी. गरोदर बाई, आई अत्यवस्थ असलेला मुलगा, आणि सहज घरी येणारा, बहुतेकदा सगळे एकाच सोडतीत. अगदी निकडीच्या कारणांसाठी वेगळ्या खोल्या होत्या पण त्याची अट फार कडक. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की क्वारंटाइन योग्य होतं, पण अशा सोडतीमुळे काही नागरिकांच्या घरी येण्याच्या हक्कावर गदा आली. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण कोर्टाने बंद करण्याला चूक म्हटलं नाही, आत घेताना कोणाची गरज किती हे न बघण्याला चूक म्हटलं.

प्रश्न : ओमिक्रॉनच्या वेळी आफ्रिकेवर बंदी घातली ते योग्यच होतं ना?

नाही, आणि याचा मला अजून संताप येतो. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन हा कोविडच्या व्हायरसचा नवा प्रकार ओळखला, २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, म्हणजे जे करायला हवं तेच केलं आणि झटपट केलं, आणि एक-दोन दिवसांत जगाने त्यांची विमानं बंद केली. नेदरलँड्समध्ये नंतर जुने नमुने तपासले तर ओमिक्रॉन १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातच सापडला, तो आधीच पोचलेला होता! बंदीमुळे तिकडच्या लॅबला लागणारं सामान पण विमानाने यायचं अवघड झालं, म्हणजे जे शोधत होते त्यांचेच हात बांधले. पुढच्या वेळी नवा प्रकार सापडलेला देश कळवायच्या आधी दहादा विचार करेल. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे अशी जादा बंधनं घालणाऱ्या देशाने ४८ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कारण कळवायचं असतं, पण नाही कळवलं तर दंड वगैरे काही नाही.

प्रश्न : नव्या करारामुळे जागतिक आरोग्य संघटना आता थेट लॉकडाऊन लावू शकणार असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

खोटं आहे. मे २०२५ मध्ये जो महामारी करार मंजूर झाला त्यात उलट स्पष्ट लिहिलंय की संघटनेला कोणत्याही देशाला प्रवासबंदी, लसीची सक्ती किंवा लॉकडाऊन करायला लावण्याचा अधिकार नाही. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : माझे मिस्टर मालवाहू जहाजावर होते, ९ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट १६ महिन्यांवर गेलं. आमच्याबद्दल कोणीच का बोलत नाही?

वहिनी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. २०२० च्या शेवटाला असे सुमारे ४ लाख खलाशी जहाजांवर अडकले होते, कॉन्ट्रॅक्ट संपलेले, आणि तेवढेच घरी बसलेले, ज्यांना त्यांच्या जागी जायचं होतं. नियमाप्रमाणे सलग १२ महिन्यांच्या आत माणसाला घरी सोडायला हवं. देशांना जहाजातला माल हवा होता, औषधं, धान्य, तेल सगळं हवं होतं, पण तो माल आणणारा माणूस धक्क्यावर उतरायला नको होता. तुम्ही लिहिलंय की त्यांना डेकवरून बंदराचे दिवे आणि रस्त्यावरच्या गाड्या दिसायच्या आणि शिडी खाली सोडायची परवानगी नव्हती, दात दुखत होता तर मीठ-पाण्याच्या गुळण्यांवर २ महिने काढले. खलाशांना अत्यावश्यक कर्मचारी धरा असं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०२० मध्ये ठराव करून सांगितलं, पण तोपर्यंत वर्ष संपत आलं होतं. हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं, डॉक्टर-नर्सच्या यादीत त्यांचं नाव तेव्हाच असायला हवं होतं.

प्रश्न : वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या देशात होते. विमानं बंद. नर्सने फोन त्यांच्या कानाशी धरला आणि मी २० मिनिटं बोलत राहिले, ते काही बोलले नाहीत. आठवडाभर आधी निघाले असते तर, हे अजून डोक्यातून जात नाही.

तुम्हीच तारखा लिहिल्यात त्या मी बघितल्या. आठवडाभर आधी त्यांना साधा ताप पण नव्हता, आणि त्यांना ताप आला त्या दिवशी तुमच्या देशातून विमान सुटत नव्हतं. तुम्ही निघू शकत होतात असा एकही दिवस त्यात नाही, मी परत परत मोजले. आणि त्या २० मिनिटांबद्दल डॉक्टर म्हणून सांगते, प्रतिसाद न देणाऱ्या, शेवटच्या तासांतल्या माणसांच्या मेंदूच्या तपासण्या झाल्यात, त्यात काहींचा मेंदू आवाजाला निरोगी माणसासारखाच प्रतिसाद देत होता. फोन कानाशी होता, आवाज तुमचा होता.