‘फक्त’ सहाशे तास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जाहिरात दोनदा वाचली. १९७३ चं पायपर सेनेका, दोन इंजिनांचं छोटं विमान, फ्लोरिडात समुद्राजवळ, ‘ओव्हरहॉलनंतर दोन्ही इंजिनांचे फक्त ६०० तास’. तुझा जीव त्या ‘फक्त’वर जडलाय आणि माझा नेमका तिथेच अडकलाय. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली फेरबांधणी, २००३ सालचा आहे, तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय. म्हणजे वर्षाला तीस तासही उडालं नाही. लायकमिंग कंपनी या इंजिनाला ओव्हरहॉलआधी २००० तास देते, पण त्याचबरोबर बारा वर्षांची मर्यादाही घालते. खाजगी वापरात ती बंधनकारक नसते, म्हणून विकणारे तिचं नाव काढत नाहीत.

उभ्या विमानाला मी का घाबरतो, ते ऐक. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्ट या मुख्य दांड्याच्या वर असतो. विमान उडालं नाही की तेल हळूहळू खाली ओघळतं, कॅम कोरडा पडतो आणि खाऱ्या, दमट हवेत त्याला गंज धरतो. नंतर इंजिन सुरू केलं की त्या खरबरीत जागा टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकलेले खुंट, घासून खातात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, मात्र ऐंशीपैकी पंचाहत्तर येतं आणि सगळे खूश होतात. माझं पहिलं ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं विमान, मी असंच घेतलं. तपासणी विकणाऱ्याच्याच मेकॅनिकने केली होती. चाळीस तासांनी तेल बदलताना फिल्टर कापला, आतला घडीचा कागद उलगडून धुतला आणि तळाशी लोहचुंबक फिरवलं. झिजलेल्या लोखंडाची, बारीक काळ्या केसांसारखी दाढी त्याला चिकटून आली. त्या वर्षी बायकोच्या बचतीतून इंजिन उघडलं. ती एका शब्दानेही बोलली नाही, ते अजून लागतं.

म्हणून मेकॅनिक तू नेम, आणि ज्याने त्या विमानाची अ‍ॅन्युअल, म्हणजे वार्षिक तपासणी, केलीय तो मुळीच नको. त्याला सांग, आधी चार-पाच तास उडवून मग दोन्ही फिल्टर काप. प्रत्येक इंजिनाचं एक तरी सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी बघ. मालक नाही म्हणाला, तर तेच उत्तर समज.

उजव्या इंजिनाकडे जास्त लक्ष दे. सेनेकाचे पंखे एकमेकांविरुद्ध फिरतात, त्यामुळे उजवं इंजिन उलट फिरणारं, वेगळ्या मॉडेलचं असतं. डावीकडचं सहज मिळणारं इंजिन तिथे बसत नाही. बिघडलं तर वाट बघावी लागते, आणि किंमतही इंजिन विकणारा सांगेल ती.

आता तुझ्या गावाचं. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे. टर्बो, म्हणजे विरळ हवेत इंजिनाला जादा हवा पुरवणारं यंत्र, नसलेलं हे विमान दोन इंजिनांवर समुद्रसपाटीला मिनिटाला हजार फुटांहून जास्त चढतं, पण पूर्ण वजनात एक बंद पडलं की दोनशेच्या आतबाहेर. जुलैच्या दुपारी तुमच्याकडे तेवढंही उरणार नाही, ते खालीच येत राहील. दोन इंजिनं आहेत म्हणून तू सुरक्षित आहेस असं तुझ्या आईला सांगू नकोस, निदान या विमानाच्या बाबतीत. १९७५ पासूनच्या सेनेका टू मध्ये टर्बो इंजिनं आहेत. उंचीवर ती दम टिकवतात, मात्र सांभाळायला महाग. तरी तुझ्यासाठी मी तेच बघेन.

ओक्लाहोमा सिटीच्या विमान-नोंदणी कार्यालयातून मालकी आणि कर्जाचा बोजा तपासून घे. पेट्रोलवर जळणाऱ्या हीटरची शेवटची चाचणी कधी झाली, तेही विचार. विम्याचा आकडा बयाणा देण्याआधी हातात हवा, कारण ट्विनवर तुझे तास कमी आहेत.

पैसे अजून पाठवू नकोस. लॉगबुकांचे फोटो पाठव, पहिल्या पानापासून, कोरी पानंसुद्धा. रविवारी सकाळी फोन कर, पानं समोर ठेवून बसू.

तुझा,
काका