चोपडा तालुक्यापुरती बातम्यांची वेबसाइट चालेल का? खर्च, नोंदणी आणि कमाईचं गणित काय?

तुम्ही लिहिलंय की गावातलं साप्ताहिक बंद पडलं, मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पानांत चोपड्याला आठवड्यात जेमतेम दोन-चार बातम्या मिळतात, आणि तुम्ही दोघं मित्र पोर्टल काढायच्या विचारात आहात.

चालेल. पण नावात ‘खान्देश’ किंवा ‘जळगाव जिल्हा’ घेऊ नका. जिल्ह्यात १५ तालुके आहेत, दोन माणसांना ते पुरवता येत नाहीत. मग दुसऱ्यांच्या बातम्या उचलणं सुरू होतं आणि चार महिन्यांत तुमचं पोर्टल इतर पन्नास पोर्टलांसारखं दिसायला लागतं. चोपडा शहर, अडावद, धानोरा, लासूर, हातेड, चहार्डी, वर सातपुड्यात वैजापूरपर्यंत, एवढंच धरा.

साप्ताहिकं वाचक संपले म्हणून बंद पडत नाहीत, उत्पन्न आटतं म्हणून पडतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा फ्लेक्सवर आणि स्टेटसवर गेल्या, कागद महागला (२०१९च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के शुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं), आणि २०२०च्या टाळेबंदीत वाटपाची साखळीच तुटली. उरल्या जाहीर नोटिसा आणि निविदा. त्या बहुतांशी नोंदणीकृत छापील वृत्तपत्रांकडेच जातात, त्यामुळे वेबसाइटच्या गणितात त्या धरूच नका.

नोंदणीबद्दल बराच गोंधळ घातला जातो. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला, पण तो छापील नियतकालिकांसाठी आहे. ‘पोर्टलचं आरएनआय (म्हणजे छापील वृत्तपत्रांची सरकारी नोंदणी) करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तुम्हाला लागू होतात ते २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम. प्रकाशन सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ठरलेल्या नमुन्यात माहिती पाठवायची, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर ठेवायचा. तक्रार आली तर १५ दिवसांत निकाली काढायची. हा अधिकारी तुमच्यापैकीच एक जण होऊ शकतो. बँकेत चालू खातं उघडायला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाची गरज नाही. गाडीवर ‘प्रेस’ लिहिण्याचा अधिकार यातल्या कशानेच मिळत नाही.

खर्च: डोमेन (साइटचं नाव) वर्षाला साधारण ८०० ते १,००० रुपये, सुरुवातीपुरतं होस्टिंग (साइट ठेवायची जागा) ३,००० ते ६,०००, साइट चालवायचं वर्डप्रेस फुकट. डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावरच घ्या. साइट बनवून देणारा मुलगा ते त्याच्या खात्यावर घेतो, वर्षभराने त्याचं-तुमचं बिनसतं आणि साइटचं नावच त्याच्याकडे अडकतं. दुसरा सापळा म्हणजे ‘फुकट मिळालेली’ महागडी थीम, म्हणजे साइटची तयार मांडणी. तिच्यात घुसवलेल्या कोडमुळे मोबाइलवर बातमी उघडली की वाचक थेट जुगाराच्या साइटवर जातो, आणि तुम्ही स्वतः लॉगिन असल्यामुळे तुम्हाला ते दिसतही नाही.

बातमीदार मजकूर पाठवतात तो बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो वेबसाइटला लागणाऱ्या युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. ‘स्थिती’, ‘निर्मिती’, ‘वर्षी’ असे शब्द मुद्दाम तपासा. ते मोडले तर गूगलच्या शोधातही बातमी सापडत नाही. लिंक मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. मराठी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात, चार ओळींचं जंजाळ दिसतं आणि लोक ते फसवणुकीचा मेसेज समजतात. मुख्य फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा, ३०० केबीच्या आत. त्याहून जड असेल तर लिंकखाली चित्र उमटेलच असं नाही.

आता खरा प्रश्न, रोज काय द्यायचं. अपघात आणि राजकारण सगळेच देतात. तुमच्या वाचकाला सकाळी पहिल्यांदा हवा असतो केळीचा भाव. रावेर आणि बऱ्हाणपूर दोन्ही बाजारांचा द्या, आणि नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी या मालाच्या प्रकारांचे भाव वेगवेगळे लिहा. नुसतं ‘केळी इतके रुपये’ याला शेतकरी हसतो. जाहीर झालेला भाव आणि शिवारात व्यापाऱ्याने प्रत्यक्ष दिलेला भाव यांत फरक असतो. चार गावांतल्या दोन-दोन शेतकऱ्यांना रोज फोन करून दुसरा आकडाही छापलात, तर त्या एका तक्त्यासाठी लोक तुमच्याकडे येतील. कापसाच्या दिवसांत खेडा खरेदीचा (व्यापारी गावात येऊन घेतो तो) भाव याच पद्धतीने घ्या.

पावसाळ्यात द्या तापीवरच्या हतनूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, म्हणजे विसर्ग. तापीकाठच्या निमगव्हाणसारख्या गावांना तो आकडा कामाचा असतो आणि नेमका तिथेच घोळ होतो. पत्रकात कधी क्युसेक (सेकंदाला घनफूट) असतं, कधी क्युमेक (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. १,००० क्युमेक ऐवजी १,००० क्युसेक लिहिलंत तर मोठा विसर्ग किरकोळ वाटेल. उलट झालं तर गाव घाबरेल. किती दरवाजे उघडले (हतनूरला एकूण ४१ आहेत), किती वाजताची नोंद आणि कोणतं एकक, हे तिन्ही शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत हवं. तारीखही टाकाच, नाहीतर तुमचीच गेल्या ऑगस्टची बातमी यंदा ‘आत्ताची’ म्हणून गटागटांत फिरेल.

निधनवार्ता, उत्तरकार्य आणि गंधमुक्तीची माहिती फुकट द्या, पण घरच्या माणसाला फोन करून खात्री केल्याशिवाय नाही. यात चूक झाली तर गाव माफ करत नाही.

गुन्ह्याच्या बातमीत अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव न देता गाव, वडिलांचा धंदा आणि शाळा दिलीत तरी ओळख उघड होतेच. छोट्या गावात तर लगेच. अल्पवयीनांसाठी पोक्सोची बंधनं वेगळी. ई-पेपरचा फोटो किंवा मजकूर जसाच्या तसा उचलू नका. घटनेवर कुणाची मालकी नसते, लिहिलेल्या मजकुरावर असते.

वाचक जमवायला व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल बरं. गटात १,०२४ माणसांची मर्यादा असते आणि रात्री कुणीतरी भलतंच टाकतं. चॅनेलवर फक्त तुम्हीच टाकता आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त लिंक नकोत, लोक आवाज बंद करून ठेवतात.

कमाईत गूगलच्या अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे गूगल साइटवर लावतं त्या जाहिरातींवर, भिस्त ठेवू नका. मराठीला ते चालतं, पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे येत नाहीत, आणि पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असाच लिहा. हजार वाचनांमागे २५ रुपये धरले आणि दिवसाला ३,००० वाचनं झाली, तरी महिन्याचे २,२५० रुपये होतात. त्याऐवजी कृषी केंद्र, ठिबकवाले, कोचिंग क्लास, सराफ, दवाखाने अशा पंधरा जणांकडून महिना ७०० रुपये घेतले तर १०,५०० होतात. केळी भावाच्या तक्त्याखालची जागा सगळ्यात महाग ठेवा आणि एकाच दुकानाला तीन महिन्यांसाठी द्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बिलबुक मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

राजकीय पैशाचं आधीच ठरवा. निवडणुकीत सगळ्यात मोठी रक्कम तिथूनच येते आणि ती ‘बातमी लावा’ म्हणूनच येते. घेतलीत तर वर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. विधानसभा-लोकसभेच्या वेळी उमेदवाराने माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय ती चढवू नका, आणि प्रमाणपत्राची प्रत बिलाला जोडून ठेवा.