मेणकिडा नंतर आला, राणी आधी गेली

प्रश्न : माह्या वावरात धुऱ्यावर लिंबाखाली सातेरी मधमाश्यांच्या (आपल्या देशी) दोन पेट्या आहेत. एक झकास चालू आहे. दुसरीत गणपतीपासून माश्या कमी कमी होत गेल्या, आता तीनच फ्रेमवर उरल्यात. खाली पाटावर भुसा पडतो, फ्रेमला जाळं धरलं, आत पांढऱ्या अळ्या. पोळ्यातल्या घरांची टोपणं फुगलेली अन् मधोमध बारीक भोक. एकेका घरात दोन-तीन अंडी दिसतात म्हणजे राणी तर जोरात आहे, मंग माश्या काहून कमी होतात? एक जण म्हणे सॅकब्रूड (अळ्यांचा विषाणूचा रोग) आहे, पेटी जाळ. कृषी केंद्रवाला म्हणे मेणकिडा आहे, डांबर गोळ्या टाक. काय करू?
— एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, पेटी जाळू नका, अन् डांबर गोळ्या टाकल्या असतील तर आजच काढा, तो वास मेणात आणि मधात मुरतो आणि मग जात नाही.

तुम्ही ज्या दोन-तीन अंड्यांवरून राणी जोरात आहे म्हणता, तीच खूण सांगते की राणी नाहीये. राणी एका घरात एकच अंडं घालते, बरोबर तळाशी मधोमध. नवी राणी सुरुवातीचे काही दिवस कधी दोन घालते, पण तीही तळाशीच, कारण तिचं पोट लांब असतं. तुमची अंडी भिंतीला चिकटलेली असतील, उन्हाकडे पाठ करून फ्रेम तिरपी धरा म्हणजे दिसेल. राणी गेली की कामकरी माश्या अंडी घालायला लागतात, सातेरीत तर हे फार लवकर होतं, आणि त्यांचं पोट तळापर्यंत पोचत नाही. त्यांचा नराशी संग झालेला नसतो म्हणून त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नर ना फुलावर जातो ना घर सांभाळतो, जुन्या माश्या मरतात, त्यांच्या जागी नवी कामकरी येत नाही, संपलं.

फुगीर टोपणाचंही हेच आहे. सातेरीच्या नराच्या घराला मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतंच, तो रोग नाही. थाई सॅकब्रूडची भीती मात्र खोटी नाही, १९९१-९२ मध्ये या विषाणूनं दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या, म्हणून खात्री करूनच पुढं जा. दहा-बारा घरं उघडा. सॅकब्रूडमध्ये टोपण कुरतडल्यासारखं वेडंवाकडं असतं, आत अळी पाठीवर ताणून पडलेली, तोंड वर, होडीसारखी, आणि चिमट्यानं उचलली की पाण्याची पिशवी उचलल्यासारखी येते. आत पांढरे जिवंत कोष दिसले तर निश्चिंत राहा.

राणी कशी गेली याचा अंदाज तुमच्या पत्रातच आहे, गणपतीपासून. सणाला पाहुणे येतात, आपण हौसेनं फ्रेम काढून दाखवतो, परत ठेवताना राणी दोन फ्रेममध्ये चिरडते. माश्यांनी नवी राणी केली असेल तरी भाद्रपदाच्या पावसात ती नराशी संग करून परत आलीच नसेल.

मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, यानंतरचा. त्याचा पतंग रात्री फटीत अंडी घालतो, भरल्या पेटीत माश्या त्या अळ्या ओढून बाहेर फेकतात, तीन फ्रेमवरच्या माश्या रिकाम्या पोळ्यांची राखण करूच शकत नाहीत. काळी जुनी पोळी त्याला सगळ्यात प्रिय.

आता या पेटीत बाहेरून राणी आणून सोडू नका, मारून टाकतील. सॅकब्रूड नाही याची खात्री झाली की दुपारी माश्या उडत असताना पेटी पंचवीस-तीस फूट दूर न्या, सगळ्या माश्या चादरीवर झटका आणि पेटीची मूळ जागा रिकामी ठेवा. उडू शकणाऱ्या माश्या हळूहळू शेजारच्या चालू पेटीत शिरतील. जाळं धरलेली पोळी कापून उकळत्या पाण्यात टाका, अळ्याही मरतील आणि मेण मिळेल. चांगली पोळी पॉलिथिनमध्ये बांधून एक-दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये. मन दुखतं एक पेटी मोडताना, मला माहीत आहे, पण तुरीचा फुलोरा आता येतोच आहे, चालू पेटी त्यावर भरेल आणि पळस फुलतो त्या सुमारास तिचीच विभागणी करून तुमच्या परत दोन होतील.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत मेलिफेराच्या (इटालियन मधमाशीच्या) पेट्या ठेवल्यात. पेटीपुढं पंख चुरगळलेल्या माश्या रांगतात, उडत नाहीत. फवारणी तर झाली नाही.
— काटोल, जि. नागपूर

उत्तर : हे व्हरोआ माइटचं, म्हणजे मधमाशीवर जगणाऱ्या बारीक परजीवीचं लक्षण आहे. मोहरीच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस. तो अळीचं अंग शोषतो आणि पंख खराब करणारा विषाणू पसरवतो. राणी बाजूला ठेवून अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाका, मिनिटभर हळू फिरवा आणि पांढऱ्या ताटात झाडा. ९-१० माइट पडले म्हणजे ३ टक्के, मग उपाय करायला थांबू नका. नरांची बंद घरं कापून नष्ट करा, माइट तिथंच जास्त वाढतो. फॉर्मिक अॅसिड चालतं, पण ३० अंशांच्या वर अळ्या आणि राणी दोन्ही जाऊ शकतात, तुमचे डोळेही, म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला सोबत घेऊनच.

प्रश्न : लाल मुंग्या पेटीत चढतात, पावडर टाकू का?
— वणी, जि. यवतमाळ

उत्तर : पावडर नको, ती माश्यांनाही मारते. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाणी आटू देऊ नका, आणि पेटीला टेकलेलं गवत कापा, मुंग्या त्याच पुलावरून जातात.