हॅवलॉकची खोली ठरवण्याआधी मालकाला ओहोटीचं विचारा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. फेब्रुवारीत सासू-सासरे आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अंदमानला जायचंय, हॅवलॉकला चार रात्री राहायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने 'राधानगर बीचला लागून' असलेल्या दोन खोल्यांच्या कॉटेजचे फोटो पाठवलेत. साडेपाच हजार रुपये रात्र, एकूण बावीस हजार, आणि आज रात्रीपर्यंत सगळे पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं तो म्हणतोय. माणूस खरा आहे का, हे तुम्ही विचारलंय.

आधी एवढंच सांगतो, आज रात्री पैसे पाठवू नका. दोन दिवस थांबून कॉटेज गेलंच तर जाऊ द्या.

मी नाशिकरोडचा. गेल्या बारा वर्षांत चार वेळा अंदमानला जाऊन आलो. पहिल्यांदा ओढ होती ती सेल्युलर जेलची. भगूर आमच्या घरापासून इतकं जवळ, की सावरकरांनी दहा वर्षं काढलेली ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायचीच होती. समुद्र त्यानंतर आवडायला लागला आणि मग बायकोला, बहिणीला, शेजाऱ्यांना घेऊन जाणं झालं. नातेवाइकांच्या खोल्या ठरवून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. माझ्या मेहुण्याचे असेच अठरा हजार गेले तेव्हापासून मी हे काम फार जपून करतो. त्याने पाहिलेले फोटो खरे होते, जागाही खरी होती, फक्त पैसे घेणाऱ्याचा त्या जागेशी काही संबंध नव्हता. जेट्टीवर उतरून फोन लावला तर फोन बंद. बरोबर दोन म्हातारी माणसं, आणि बेटावर ऐन हंगामात खोली शोधत फिरणं. पैशांपेक्षा ती संध्याकाळ त्याला जास्त लागली.

खोटा माणूस ओळखायचा कसा, तर आपल्याच नाशिकचा विचार करा. २०१५ च्या कुंभात कुणी बाहेरगावच्या माणसाला 'रामकुंडाला लागून खोली, पर्वणीच्या दिवशी गाडी थेट दारात' असं सांगितलं असतं, तर तुम्ही-आम्ही लगेच म्हणालो असतो की हा माणूस नाशिकचा नाही. पर्वणीला गाड्या शहराबाहेर अडवतात, तिथून माणूस चालत येतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र ते ठाऊक नसतं आणि तो फसतो. हॅवलॉकच्या बाबतीत आपण ते बाहेरचे. म्हणून तिथल्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी त्याला विचारायचं. फोटो कुणीही कुठूनही उचलू शकतो, पण आपल्या अंगणासमोरचा समुद्र कसा वागतो हे तिथे राहणाराच सांगू शकतो.

थोडा भूगोल सांगतो, म्हणजे प्रश्न कसे विचारायचे ते कळेल. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नावही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. जुनी-नवी दोन्ही नावं वापरात आहेत, नावावरून गोंधळू नका. हॅवलॉकची जेट्टी बेटाच्या उत्तरेला आहे. गोविंदनगर, विजयनगर, काला पत्थर हे किनारे पूर्वेला. राधानगर पश्चिमेला, जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. बहुतेक परवडणारी कॉटेजं गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला आहेत. राधानगरच्या अंगाला मोजकी रिसॉर्ट आहेत आणि ती महाग आहेत. तिथे किनाऱ्याला लागून दोन खोल्या साडेपाच हजारांत, हे वाचूनच मला खटकलं. पूर्वेच्या किनाऱ्यावर 'गॅलरीतून सूर्यास्त' लिहिलं असेल तर तेही तसंच समजा, तिकडे सूर्य उगवतो.

आता ओहोटीचं. विजयनगरच्या बाजूला ओहोटीला पाणी बरंच आत जातं आणि खडक, प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात. त्या वेळात तिथे पोहता येत नाही, लहान मुलाचे तर पाय कापतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे आणखी जाणवतं. म्हणून त्या माणसाला सरळ फोन लावा आणि विचारा, 'ओहोटीला तुमच्या कॉटेजसमोर मूल पोहू शकेल का?' मी हा प्रश्न आजवर पंधरा-वीस जणांना विचारला असेल. जे खरे मालक निघाले, त्यांनी जवळपास सगळ्यांनी आधी नाही म्हटलं. एक बंगाली बाई होत्या. हॅवलॉकमधली बरीच कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली, त्यामुळे हिंदीला बंगाली वळण असतं. त्या म्हणाल्या, 'सुबह मत जाना दादा, पत्थर है, बच्चे को राधानगर ले जाओ, यहाँ सिर्फ बैठने का है.' स्वतःच्या जागेचं उणं त्यांनी आधी सांगितलं. त्यांच्याकडे आम्ही दोनदा राहिलो. ज्याला जागेची माहितीच नाही, तो म्हणतो, 'हाँ हाँ सर, चौबीस घंटा स्विमिंग.'

असेच आणखी काही प्रश्न. बेटावर वीज जनरेटरवर चालते आणि अधूनमधून जाते, तेव्हा लाइट गेल्यावर तुमच्या जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा? आंघोळीचं पाणी गोडं की मचूळ? किनाऱ्यावर वाळूतले बारीक किडे चावतात, त्याचं काय करता? (सासूबाईंना त्वचेचा त्रास असेल तर हे नक्की विचारा. माझ्या बहिणीच्या पायांवर पंधरा दिवस खाज होती.) खोलीपर्यंत पायऱ्या किती, वाट वाळूची की फरशीची? कमोड आहे ना? जेट्टीवर घ्यायला कोण येईल, रिक्षावाला किती घेईल? मासळी न खाणाऱ्यांसाठी वेगळं काही मिळेल का? उत्तरं बरोबर की चूक हे आपल्याला नेहमी कळणार नाही. पण तो अडखळतो का, 'बाद में बताता हूँ' म्हणून मूळ विषय पैशांवर नेतो का, हे कानाला कळतं. म्हणून मेसेजवर नको, फोनवर बोला. जमलं तर व्हिडिओ कॉल करा आणि फाटकापासून खोलीपर्यंत चालत दाखवायला सांगा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली, हॅवलॉकही तिला जोडलेलं आहे. पूर्वी 'यहाँ नेट नहीं चलता' हे कारण पटायचं, आता पाच मिनिटांच्या कॉलला तेवढ्याने नकार देणं मला पटत नाही. आज जमलं नाही तर उद्या करू म्हणा, पण कॉल होईपर्यंत पैसे नाहीत.

फोटोंकडे वळू. प्रत्येक फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, तोच फोटो बाली किंवा थायलंडच्या जागेखाली सापडतो का. सापडला नाही तरी फोटो मोठा करून भिंतीवरचा स्विचबोर्ड पाहा. आपल्याकडे गोल भोकांचं तीन पिनांचं सॉकेट असतं, शेजारी बहुतेक वेळा पंख्याचा रेग्युलेटर. मालदीवच्या खोल्यांत चौकोनी भोकांची सॉकेट दिसतात. ही युक्ती माझ्या मुलीने शिकवली आणि तिने एक खोटी जाहिरात माझ्यासमोर अशीच पकडून दिली. पाण्यात खांबांवर उभे बंगले दिसले तर पुढे बघूच नका, हॅवलॉकला मी तसे कुठे पाहिलेले नाहीत.

मग नकाशा. जागेचं नाव गूगल मॅप्सवर शोधा, उपग्रहाच्या चित्रात छप्परं दिसतात का पाहा आणि किनाऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. 'बीच पाच मिनिटं' यात चालत की स्कूटरवर हे कुणी लिहीत नाही. सासऱ्यांचा गुडघा दुखतो म्हणालात, तर हे अंतर तुमच्यासाठी एसीपेक्षा महत्त्वाचं आहे. परीक्षणं वाचताना 'सगळ्यात नवी आधी' असं लावा आणि तीन ताऱ्यांची आधी वाचा. पाच तारेवाले भारावलेले असतात, एक तारावाले चिडलेले. तीनवाला मात्र लिहितो की खोली स्वच्छ होती पण नळाला धार नव्हती. पाहुण्यांनी टाकलेले फोटो मालकाच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. आणि मॅप्सवर जो फोन नंबर आहे, त्यावर स्वतः फोन करून विचारा की तुम्हाला मेसेज करणारा नंबर त्यांचाच आहे का. मेहुण्याने हा एक फोन केला असता तर अठरा हजार वाचले असते.

पैशांचं सगळ्यात काळजीपूर्वक. एक रात्रीचं भाडं किंवा फार तर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आगाऊ रक्कम, उरलेली खोली बघून, हे मी मागतो आणि खरे मालक बहुतेक मान्य करतात. ऐन हंगामात एखादा चांगला मालकही निम्मे मागतो, ते ठीक. सगळेच आगाऊ आणि तेही आजच, हे ठीक नाही. यूपीआयवर पाठवताना जे नाव झळकतं ते तुमच्याशी बोलणाऱ्याचं किंवा कॉटेजचं आहे का पाहा. वेगळं असेल तर थांबून विचारा. खातं कुठल्या शाखेचं आहे हे आयएफएससी कोडवरून कळतं. हॅवलॉकच्या कॉटेजचं खातं भलत्याच राज्यातल्या गावात निघालं तर कारण विचारायलाच हवं. 'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.

जीएसटी क्रमांक मागा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपल्या महाराष्ट्राचे २७ आणि अंदमान-निकोबारचे ३५. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की लॉगिन न करता नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसतं. पण छोट्या घरगुती मुक्कामाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते. तेव्हा क्रमांक नाही म्हणजे माणूस खोटाच, असं धरू नका. क्रमांक दिला आणि तो दुसऱ्याच धंद्याचा निघाला, तर मात्र विषय संपला.

बुकिंग अ‍ॅपवरून घेणार असाल तर बोलणं आणि पैसे दोन्ही अ‍ॅपमध्येच राहू द्या. 'बाहेरून द्या, दोन हजार कमी करतो' हे ऐकू नका, त्या दोन हजारांबरोबर तक्रार करायची जागाही जाते. एअरबीएनबीसारखं अ‍ॅप मालकाला पैसे तुम्ही खोलीत शिरल्यानंतर साधारण एका दिवसाने सोडतं, तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. खोली वेगळी निघाली तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार टाका. आणि बुकिंग झाल्यावर तुमचं नाव, तारखा अचूक लिहून 'कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द' असा मेसेज लिंकसकट आला, तर लिंक उघडू नका. हॉटेलांची खाती चोरून असे मेसेज पाठवले जातात. अ‍ॅप स्वतः उघडून तिथे काय दिसतंय ते बघा.

सगळं करूनही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. मेहुण्याने घरी काय म्हणतील म्हणून चार दिवस कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या बेताबद्दल दोन गोष्टी. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. पहाटे नाशिकहून निघून, मुंबईहून विमान बदलत पोचल्यावर त्याच दिवशी फेरी गाठण्याची धडपड म्हाताऱ्यांना नको. शिवाय अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचलाच अंधारायला लागतं. अनोळखी जागी उजेडात पोचलात तर खोली पसंत नसली तरी दुसरी शोधता येते. तसंच परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉकला राहू नका, हवा बिघडली की फेरी रद्द होते. म्हणजे हॅवलॉकच्या चार रात्रींच्या तीन होतील, पण ते बरं. आणि मालकाला आधीच विचारून ठेवा की फेरी रद्द झाली आणि आम्ही एक दिवस उशिरा आलो तर त्या रात्रीचे पैसे धरणार का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

लक्षद्वीपचाही विचार चाललाय असं लिहिलंत. तिथे जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, हॅवलॉक-नीलला नुसतं ओळखपत्र पुरतं. म्हाताऱ्यांबरोबर पहिल्याच खेपेला मी अंदमानच निवडेन.

उद्या सकाळी त्या माणसाला फोन लावा. राधानगरपासून नेमकं किती मीटर, ओहोटीला मूल पोहेल का, आणि व्हिडिओ कॉल कधी करता, एवढे तीनच प्रश्न. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं मला कळवा. दरम्यान विजयनगरच्या बाजूला जमिनीलगतच्या खोल्या, पायऱ्या नसलेल्या, मी माझ्या वहीतून काढून ठेवतो.